हे तो म्हनतो, का तू म्हनतं?

फैजपूर,
१२ जानेवारी २०२६

प्रियल,

संक्रांतीचा नमस्कार दोन दिवस आधीच. लाडकुंवरदादींना माझा पायलागू सांग. इकडे सगळे ठीक. थंडीने ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेतल्या केळीची पानं पिवळी पडलीत, पण नाना म्हणतात, सावरेल.

दचकलीस ना? करणार काय, फोनवर वर्षभर ब्लॉक करून ठेवलंयस. म्हटलं, पोस्टमनला कशी ब्लॉक करते ते बघू! तू माझ्याशी परत बोलावंस, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे फाडायचं तर आत्ताच फाड.

नाही ना फाडलंस? मग बढाई ऐक. दुसऱ्यांदा दिलेल्या कॅटचा निकाल लागला. त्या मेल्या व्हर्बलमध्ये त्र्याण्णव पर्सेंटाइल! गेल्या खेपेला अठ्ठावन्न होते. गणितात अठ्ठ्याण्णव आणि इंग्रजीत अठ्ठावन्न, तेव्हा तू म्हणाली होतीस, "एका पायात बूट आणि दुसरा अनवाणी." आता दोन्ही पायांत बूट आहेत बाई. सतरा फेब्रुवारीला मुंबईत एमबीएच्या प्रवेशाची मुलाखत आहे, जळगावहून सकाळच्या गाडीने जाणार. आणि मी ती मारणार, यात मला तरी शंका नाही.

आता कसं जमलं ते सांगते. क्लासवाल्यांना वाटतं, त्यांच्या शब्दांच्या याद्यांनी. डोंबल! याद्या मला पहिल्या वर्षीही तोंडपाठ होत्या.

गेल्या खेपेची उत्तरपत्रिका मी तुला दाखवलीच नव्हती, कारण लाज वाटत होती. त्यात एक उतारा केळीवर होता. खरंच, केळीवर! मी परीक्षेच्या हॉलमध्ये जवळजवळ हसलेच. म्हटलं, फैजपूरच्या पोरीला केळी विचारताय? लेखक लिहितो की एक पीक घेतल्यावर त्याच्याच बुंध्याला फुटलेली पिल्लं वाढवून दुसरं पीक घेणं हा शेतकऱ्याचा आळस आहे. आमच्या घरात तीन पिढ्या पिलबाग होते! माझं डोकं असं सणकलं की विचारू नकोस. लेखकाचं मत काय, असं विचारलं होतं, आणि मी माझ्या बापाच्या, नानांच्या मतावर टिक केली. चार प्रश्न, चारही चूक, वर मायनस मार्क. मग बाकीचे उतारे नीट बघितले तर तिथेही तेच. लेखक अर्धा बोलतो न बोलतो तोच मी त्याच्याशी भांडायला उभी.

उपाय बांधावर सापडला. मार्चमध्ये व्यापारी बाग बघायला आला. त्याचं बोलून झालं आणि नाना नेहमीसारखे त्याचंच त्याला परत सांगायला लागले. "तुझं म्हननं असं का, घड बारीक हायेत, अन् गाडी परवाच भरनं पडीन?" व्यापारी म्हणाला, "हो नाना, बराबर." तो बराबर म्हणेपर्यंत नाना स्वतःचं एक अक्षर काढत नाहीत. लहानपणापासून मला याचा वैताग यायचा. वाटायचं, काय हा वेळकाढूपणा! त्या दिवशी विचारलंच. म्हणाले, "वं बाई, समोरच्याचं पुरं झालं नाही त मी भांडू कोनाशी? माह्याच डोक्याशी?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज तीन उतारे वाचायचे, पुस्तक मिटायचं आणि लेखकाचं म्हणणं मराठीत आईला सांगायचं. आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत असायची. तिला इंग्रजीचा गंध नाही. पण मी जरा कुठे जोरात बोलले की भाकरी उलथता उलथता विचारायची, "हे तो म्हनतो, का तू म्हनतं?" दर वेळी पकडायची गं! पहिला महिनाभर निम्मं मीच म्हणत होते. सप्टेंबरपर्यंत तिचे प्रश्न बंद झाले आणि माझे मार्क वर आले. बेबाबाई शालिग्राम हिच्या नावाने क्लास काढावा म्हणते.

तर मुद्दा असा.

मुद्दा असा की प्रियल, एका दुपारी आईने भाकरी खाली ठेवून विचारलं, "मारवाड्याची पोरगी येत नाही आताशा. काय झालं?" मी सांगितलं, तिने घाबरून परीक्षा सोडली, बापाने तिला दुकानात बसवलं, मी खरं बोलले तर तिला राग आला. आईने तोच उताऱ्यांचा प्रश्न विचारला, हे ती म्हणते का मी. उठून बागेत गेले आणि रडले.

गेल्या जानेवारीत मेहरूण तलावावर तू जे बोललीस ते मी ऐकलंच नव्हतं. माझ्या मनात आलं ते ऐकलं, स्कूटर काढली आणि थेट दाणाबाजारात तुमच्या डाळीच्या दुकानात शिरून, गिऱ्हाइकांसमोर भिकमचंदकाकांना म्हणाले, "पोरीला तागडीला बांधून ठेवलंत!" ते काय म्हणाले माहितीये? "बस बेटा, आधी पाणी घे." मी पाणीसुद्धा घेतलं नाही. ते पाणी मला अजून आठवतं. मी चुकले, प्रियल. फार वाईट चुकले. काकांची माफी मी दुकानात येऊन, सगळ्यांसमोरच मागणार आहे.

त्याआधी, तू त्या दिवशी बोललीस ते नानांच्या पद्धतीने तुलाच परत सांगते.

तू म्हणालीस: मी परत परीक्षा देणार नाही. मला दुकान चालवायचंय. पप्पांनी सांगितलं म्हणून नाही, मला आवडतं म्हणून. मला समजावू नकोस.

बराबर?

तू बराबर म्हणेपर्यंत मी स्वतःचं काही बोलणार नाही.

तुझं ऐकून घ्यायला वर्षभर उशीर केलेली,
चारुलता


जळगाव,
१९ जानेवारी २०२६

चारू,

पत्र दुकानात वजनकाट्यासमोर बसून वाचलं. दोनदा. एका गिऱ्हाइकाला तुरीऐवजी हरभऱ्याची डाळ दिली, त्याचं पाप तुझ्या माथी.

त्र्याण्णव! शाबास. बेबामावशींना माझ्याकडून पेढा भरव, तुला नको.

माफी मागायला ये. पण पप्पा तुला बोलू देतील असं वाटत नाही. आधी पाणीच पाजतील.

आता तुझा उतारा तपासते. चार वाक्यं बराबर. पण मी पाच बोलले होते. पाचव्याच्या आधीच तू स्कूटरला किक मारलीस, म्हणून ते तुझ्या मागे ओरडून सांगावं लागलं. ते होतं: "तू मात्र परत दे, आणि मुलाखतीला निघशील तेव्हा स्टेशनवर सोडायला मीच येणार."

वर्षभर राग होता तो पप्पांना बोललीस त्याचा, आणि तू मागे वळून पाहिलं नाहीस त्याचाही.

सतराला गाडी किती वाजताची, ते कळव. फोन उघडलाय.

तुझीच (आणि हे मीच म्हणतेय, तू नाही),
प्रियल