यमुनेची दवाई अन् आसामचा हिरवा चहा

सिंदेवाही, ता. ४ नोव्हेंबर १९५६
सून यमुना पोटुशी, पाचवा लागला. मी आजी होणार! पोरगा धान कापाले गेला, मी घरात एकटीच हसून राह्यली. पण दवाखान्यातली नर्सबाई म्हणे, पोरीच्या अंगात रक्त कमी. लोखंडाची पातळ दवाई देल्ली, दोन्ही वक्ताले जेवल्यावर. वास असा का जसा गंजलेला खिळा चोखावा. थू.

ता. ७
यमुनेचा भाऊ आला. आसामात चहाच्या बगीच्यात कारकून हाय. हिरव्या चहाचा डब्बा आणला. म्हणे सुस्ती जाते, आंग हलकं होते. म्या दूध-गूळ टाकून खदखदवला. अरे बाप्पा! कडू जहर, वास धानाच्या कुजल्या तणसाचा. तो हसला, "मावशी, हा उकळत नाईत. गरम पाण्यात पानं टाकाची, जरासं झाकाचं, दूध नाई." तसा केला. जरा बरा. जराच.

ता. ९
दवाईनं यमुनेले ओकारी. म्या अक्कल लढवली. दवाई त्याच चहात ओतली, वरून गूळ, अन् पाजली. पोटात राह्यली! आता रोज असंच.

ता. २०
रोजचा पितळी गिलास खरकटा होता, म्हून आज चहा पांढऱ्या कपात केला. दवाई ओतली अन् काळा ठिक्कर! माह्या बापाच्या घरी हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकून शाई करत, हुबेहूब तशीच. म्हणजे इतके दिवस पोरीले म्या...
किळस आली. मी जेवली नाई.

ता. २१
नर्सबाईनं यमुनेची पापणी वढून पाह्यली. आतून पांढरीच, रक्त चढलंच नाई. यमुनेनं चहातल्या दवाईचं सांगतलं, तं म्हणे, "चहानं दवाईतलं लोखंड बांधून टाकलं, अंगी कसं लागन? चहा वाईट नाई. पण उपाशी पोटी नाई, जेवण-दवाईपासून दोन तास दूर, अन् पोटुशीले एकच कप. चहात दवाई कोणी टाकली व?" यमुनाच म्हणे, "म्याच, बाई."
पोराले अजून नाई सांगतलं.

ता. ५ डिसेंबर
दवाई आता लिंबाच्या पाण्यासंग. चहाचा डब्बा उकिरड्यात फेकत होती, यमुना म्हणे भावाचा हाय, राहू द्या. दुपारी एक कप पेते. मले वासच नको.
आज पाच खेपा तिची पापणी वढून पाह्यली. लाल वाटली. म्हटलं, "लाल हाय ना व?"
"आत्याबाई, तुमीच वढू-वढू लाल करून राह्यल्या."