पोहणे कोणत्या रकान्यात

ता. अर्जुनी मोरगाव
४ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझे बाबा गेले त्या सकाळी मी अंगण झाडले, शेळ्यांना पाला टाकला, भाताचे आंधण ठेवले, तुझ्या वेणीला रिबन बांधून तुला शाळेत धाडले. तुझे बाबा पायरीवर दोर वळत बसले होते. पुढे लिहायला हात थांबतो. फोनवर मी रडते आणि तू चिडतेस, म्हणून पत्र.

तुझ्या कॉलेजचा कागद मिळाला. तलावावर दहा दिवस पोहण्याचे शिबिर, पालकाची सही हवी. मी सही करणार नाही.

तू घरी ठेवलेल्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकातला कौशल्यांच्या वर्गीकरणाचा धडा मी तीनदा वाचला. भोवतालचे काही बदलत नाही, आपल्या वेळेने करता येते ते बंद कौशल्य, जशी गोळाफेक. समोरचा काय करील ते ठाऊक नसते ते खुले, जशी कबड्डीतली चढाई. पोहणे त्यांनी बंदच्या रकान्यात टाकले आहे. मग तळ्याचे दोन फेरे मारणारे तुझे बाबा नाल्यात कसे बुडाले? पुस्तक खोटे की मी अडाणी? शेजारची रुख्मिणी रोज विचारून राहिली, एक गेला, आता पोरगी काऊन पाण्यात धाडतेस म्हणून.

वेळेवर जेवत जा.

तुझी आई
अल्का

नागपूर
८ ऑगस्ट २०२४

ती. आईस सा. न. जयभीम.

तू अडाणी नाहीस. आमच्या वर्गात तो धडा तीनदा वाचणारे कुणी नाही, परीक्षेला तूच बस.

सरांनी रकाने काढलेच नाहीत. फळ्यावर एक लांब रेघ ओढली, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला खुले. कॉलेजच्या टाकीतले पोहणे बंद टोकाजवळ, कारण पाणी स्थिर, तळ दिसतो. चढलेल्या नाल्यातले पार दुसऱ्या टोकाला. हात तेच मारायचे, पण पाणी दर क्षणाला नवा डाव टाकते. आईची भाताची रोवणी बंद, पण ओल्या लाकडांवर चूल पेटवणे खुले, असे मी सांगितले. सगळे हसले, सरांनी मात्र मान्य केले.

बाबांना साचलेले पाणी येत होते, वाहते कुणी शिकवलेच नाही. शिबिरात पाणी ओळखायला शिकवतात. कधी उतरायचे नाही ते, आणि बुडणाऱ्याकडे आधी दोर फेकायचा ते. भीती मलाही वाटते, आई. टाकीत पहिल्या दिवशी मी कठडा सोडलाच नाही. कागद वीस तारखेच्या आत हवा.

लोभ आहेच, राग धरलास तरी चालेल, सही मात्र पाठव.

तुझी
समीक्षा

ता. अर्जुनी मोरगाव
१२ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास आशीर्वाद. जयभीम.

आंधणाच्या पुढचे आज लिहिते. आपली कालवड नाल्यापलीकडे राहिली होती. पाणी लाल झाले होते, चढले होते. बाबा म्हणाले, पाणी उतरू दे. मी हसले. तळ्याचे दोन फेरे मारणाऱ्याला एवढासा नाला भारी झाला काय, असा टोमणा मारला. ते उठले, अर्धा वळलेला दोर पायरीवर टाकला आणि गेले. कालवड संध्याकाळी पुलावरून आपली आपण घरी आली.

अकरा वर्षे सगळ्यांना सांगत आले की ते आपल्या मनाने गेले. तुलाही तेच सांगितले.

म्हणून सही होत नाही. पेन धरला की वाटते, पुन्हा मीच धाडून राहिले. तुझी रेघ मी चुलीजवळ कोळशाने ओढून पाहिली. नाला कोणत्या टोकाला आहे हे त्यांना कळले होते. मला कळले नव्हते.

हे वाचूनही मला आई म्हणावेसे वाटले, तर दोन ओळी लिही.

अल्का

ता. क. हे काल लिहून ठेवले होते. आज सकाळी कागदावर सही केली, सोबत आहे. मग तुझ्या बाबांचा तो दोर काढला, राहिलेला अर्धा वळून पुरा केला, आणि कुणाकडे फेकायला हाताशी असावा म्हणून नाल्याकाठच्या झाडाला बांधून आले.