बाबांचं पुस्तक

सावदा,
ता. ९ जानेवारी १९६९

हाइमदादास, धाकट्या बहिणीचा शालोम.

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं. फोडायच्या आधी मी ते नुसतंच हातात धरून ओट्यावर बसले होते. इकडे सगळे खुशाल. केळीचे घड यंदा भरघोस आलेत, थंडी मस्त पडलीय, घरोघरी वांग्याचं भरीत चाललंय. आमचे हे भरतात मिरची कमी पडली की अगदी तुझ्यासारखं नाक फुगवतात. तिकडे वाळवंटात, बेरशेब्याला हिरवी मिरची मिळते का रे?

तुझा दानिएल तेरा वर्षांचा होतोय! कमाल आहे. त्याच्या बार मित्स्वाच्या विधीला त्यानं बाबांच्याच पुस्तकातून प्रार्थना म्हणावी, म्हणून ते पाठव, असं लिहिलंस. अख्ख्या पत्रात मागणं तेवढंच.

दोनदा पेन खाली ठेवलं. आता सांगूनच टाकते. पुस्तक नाही रे दादा.

दोन वर्षांपूर्वी पेटीला वाळवी लागली. पानांचा हातात भुगा व्हायला लागला. मी सासूबाईंना बजावलं, "यात देवाचं नाव आहे, असं पुस्तक आम्ही कुठेही टाकत नाही." पुरायचं असतं, हे सांगायचं राहिलं. त्याचीच व्यवस्था विचारायला मी भुसावळला आपल्या यहुदी लोकांकडे गेले. परत येते तो पेटी रिकामी! सासूबाईंनी आमच्या गड्याला, उखर्डूला गाडी जुंपायला लावली, पुस्तक कोऱ्या खणात बांधलं, हळदकुंकू वाहिलं आणि तापीत सोडून आल्या. इथे जुनी पोथी अशीच पाण्यात सोडतात.

मी अशी कडाडले की शेजारच्या बेबाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. सासूबाई बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "माय, उकिरड्यावर तं नाही ना टाकलं? काय नाव होतं तुह्या देवाचं?"

"ते आम्ही घेत नाही," मी म्हणाले. "चार अक्षरं लिहिलेली असतात. वाचताना 'अदोनाय' म्हणायचं, म्हणजे धनी. खरं नाव ओठांवर आणायचं नाही."

तशा त्या हसायलाच लागल्या. "मंग मले काय सांगती? म्या चाळीस वर्सं मालकाचं नाव नाही घेतलं. रेशनच्या साहेबाले बी त्याहिचं नाव तुलेच सांगा लागलं. ज्याच्या भरवशावर सारा संसार, त्याचं नाव घेते का कोनी?"

राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

बाबा काय सांगायचे, आठवतं? जा, आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून आण, असं देवानं सांगितल्यावर मोशेनं जळत्या झुडपापाशी देवाला नाव विचारलं, तर देव म्हणाला, "मी जो असेन तो असेन." बाबा म्हणायचे, पोरांनो, हे नाव कसलं, हे वचन आहे. तू जा, मी सोबत असेन, एवढाच त्याचा अर्थ. मी लग्न करून सावद्याला निघाले, तू पाठ फिरवलीस, तेव्हा त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "जा. तो तिथेही असेल." आणि आहे रे दादा. मी सुखात आहे. शुक्रवारी मी दिवा लावते तेव्हा सासूबाई डोक्यावर पदर घेऊन शेजारी बसतात.

पुस्तक गेलं, त्याबद्दल मला हवं तेवढं बोल. दानिएलला बाबांचं एवढं सांगणं मात्र दे.

आणखी एक. तुझ्या घरात माझं नाव काढायची बंदी आहे, हे वहिनीनं मागेच कळवलं होतं. परवाच्या पत्रातही पाकिटावर ह्यांचं नाव, आत नुसतं "कळवणे की". मानानं न घेतलेलं नाव वेगळं, रागानं न घेतलेलं वेगळं. मी काही देव नाही. मला हाक लागते.

दानिएलला आत्या आहे हे त्याला ठाऊक नसेल. खाली सही करत नाही. माझं नाव तू तुझ्या तोंडानं सांग त्याला.

तुझीच,