बाया-बायांचा कोयता

माय, आज एका आकड्यानं तुझी आठवण करून दिली. मी ज्या दूध सोसायटीत हिशेब लिहिते, तिथं शहरातून एक साहेब आले होते. गड्यापेक्षा बाईला मजुरी किती कमी मिळते, ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. बाया माना डोलावत होत्या. मागच्या रांगेत आपली धाकटी बसली होती, तीही आता सोसायटीला दूध घालते. मला मात्र तो आकडा पटेना.

दुष्काळाच्या त्या साली विहिरीनं तळ दाखवला होता, आणि आदल्याच हंगामात उसाच्या ट्रकवरून पडून आमच्या बापाची कंबर गेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही ऊसतोडीची रीत. मुकादम ओट्यावर बसून म्हणतो, "बाया-बायांचा कोयता कुटं असतो का? गाडी कोण भरणार?" तू चुलीपुढून उठतही नाहीस. "आमी भरू. टनाला काय कळतंय, बाईनं तोडला का गड्यानं?" शेवटी तो कबूल झाला, भावही सगळ्यांना होता तोच दिला. थोरली मी, म्हणून जोडीला मलाच नेशील असं वाटलं होतं. तू धाकटीला उठवलंस. मला म्हणालीस, "तू शीक, आन् बापाला भाकरी घाल."

दिवाळीनंतर गेलात ते गुढीपाडव्याला आलात. धाकटी काळवंडलेली, पाचटानं हात चिरलेले. मला तिची कीव यायला हवी होती. पण ती तुझ्यासारखा पदर खोचत होती, तुझ्यासारखीच कंबरेवर हात ठेवून उभी राहत होती. जेवताना तुम्ही दोघी एकाएकी हसलात. काय झालं, मी विचारलं. तू म्हणालीस, "तिथलं हाय ते, तुला न्हाई कळायचं." पुढंही दर साली तू तिलाच नेलंस. मी शिकले, नोकरीला लागले, लोक म्हणाले थोरलीनं नशीब काढलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र फडावरची ती पाचटाची कोपी असायची, आणि तुझ्या गोधडीत शिरलेली धाकटी.

तर आज मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, कोयत्याची आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात, पैसे जोडीचे. त्यातली बाईची मजुरी तुम्ही वेगळी कशी काढली?"

ते चाचरले. "काही ठिकाणी निम्मी धरली. काही ठिकाणी... धरता आली नाही."

"मग ह्यो फरक कुठनं आला? आन् जिथं दोन्ही बायाच, तिथं काय धरलं?"

"असा कोयता असतो?"

"असतो की. मी गेलते माझ्या आईसंगं."

कसं तोंडातून निघालं, कळलं नाही. बाया माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जशा आजवर कधी बघितल्या नव्हत्या. साहेबांनी आदरानं मान लववली. मी मागं वळून बघितलं नाही.

बाहेर धाकटी चप्पल शोधत होती. मला बघून म्हणाली, "लई बरं बोललीस, आक्का. मला न्हाई जमलं असतं." एवढंच. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

हे तिला वाचून दाखवणार नाही, आणि तू गेलीस तिथं हे पोचायची सोय नाही. पण माय, मी ते बोलले तेवढा वेळ तुझ्या जोडीला होते. लई बरं वाटलं. उद्या कुणी विचारलं तर परत तेच सांगेन.