दाजींचा विंचू आणि अळंबीचे दिवस

लिबुशेताई, तुझ्या धाकट्या व्हेन्देलीनचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की नुसतंच खिडकीत मांडून ठेवतेस? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. यार्मिला ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. (का, ते पुढे येईल.) हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण मी मुद्द्यावर आलो की तू नेमकी ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, तुझ्या पाया पडतो.

रविवारी जुन्या दगडखाणीत ओल्द्रिखदाजींच्या आठवणीची नेमबाजी झाली. दाजी गेल्यापासून आमची जुन्या बंदुका जमवणारी मंडळी दर सप्टेंबरात तिथे जमते आणि पहिला मान दाजींच्या विंचवाचा असतो. तू त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाहीस म्हणून सांगतो: ही आपल्याच भागात घडवलेली, साठच्या दशकातली चिमुकली सबमशीनगन. तारेचा दस्ता वरून पुढे दुमडला की नांगी वळवलेल्या विंचवासारखी दिसते, म्हणून ते नाव, आणि दुमडली की पावाच्या पिशवीतही मावते. ‘अगं आई’ म्हणेपर्यंत दहा गोळ्या संपतात. जुनं सरकार पडल्यावर लष्कराचा जुना माल विकायला निघाला, तेव्हा दाजींनी रीतसर परवाने काढून तो मिळवला आणि पहिल्यांदा चालवला त्या दिवशी इतके हसले की त्यांची कवळी गवतात पडली. (ती आम्ही शोधून काढली. तुला मात्र दंतवैद्याकडे वेळ लागला असं सांगितलं होतं.) रणगाडे सोडून हा माणूस या एवढ्याशा खेळण्यावर का भाळला, असं लोक विचारायचे. दाजी म्हणायचे, ‘रणगाडा जुन्या टूथब्रशने साफ करून दाखवा, मग बोलू.’

आता या विंचवाची एक खोड आहे. इतर बंदुका रिकाम्या पुंगळ्या बाजूला फेकतात, हा सरळ वर, आभाळात फेकतो, आणि त्या तापलेल्या पुंगळ्या चालवणाऱ्याच्याच डोक्यावर येतात. म्हणून टोपीशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. यंदा मात्र आम्ही दाजींसाठी दोन मिनिटं शांत उभे राहिलो, अर्थात टोप्या काढून, आणि मन इतकं भरून आलं की मी तसाच बोडक्याने पुढे झालो. पहिल्या पुंगळ्या टकलावर टणटण वाजल्या, तिथवर मी सोसलं. पण एक कॉलरमधून थेट पाठीत उतरली. विंचू मी शिस्तीत टेबलावर ठेवला आणि मगच अंगात आल्यासारखा नाचलो. आमच्या सरपंचबाईंना वाटलं, दुःख अनावर झालं. त्यांनी मला मिठी मारली, त्यामुळे पुंगळी आणखी घट्ट बसली.

नंतर रिवाजाप्रमाणे पुंगळ्या वेचायच्या. शेवटची पुंगळी सापडेपर्यंत आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली उघडायची नाही, हा दाजींचाच नियम. आम्ही त्या अळंबीच्या टोपल्यांत वेचतो, कारण सप्टेंबरात घराबाहेर पडताना ज्याच्या हातात टोपली नाही असा माणूस आपल्याकडे जन्मायचाय. आणि तिथेच घात झाला. खाणीच्या कडेला वाकलेल्या कुणीतरी सांगितलं, ‘अरे, इथे तर काय जाड देठाच्या आल्यात.’ बस्स. गोळीबाराने जी माणसं पांगली नसती ती अळंबीने पांगली. मीही गेलो. टेबलापाशी राहिला फक्त रादोव्हान, आपला निवृत्त पोस्टमन, आमचा सुरक्षा अधिकारी. मी हावरटासारखा रानात आत आत शिरलो, तासाभराने खिसे भरून परतलो, तर टेबलावर विंचू नाही. आणि रादोव्हानही घरी गेलेला.

ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. शुक्रवारी पोलीस निरीक्षक माझं कपाट तपासायला यायचे आहेत. परवान्यावर जे लिहिलंय ते कपाटात नसलं की माझे सगळे परवाने जाणार, कपाट रिकामं होणार. ते एक वेळ जाऊ दे. पण दाजींनी शेवटच्या आजारात माझा हात धरून ‘याला सांभाळ’ एवढंच म्हटलं होतं आणि मी तो हरवला. कुणाला सांगायची लाज वाटली. वाटलं, कुणीतरी गवतात ठेवला असेल, रानात पडला असेल. म्हणून रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी दिवसभर मी एकटाच दुसरी टोपली घेऊन तिथे रांगत होतो आणि, खरं सांगतो, एका झाडाखाली बसून रडलोही.

यार्मिलेला सांगितलं, अळंबी आणायला जातो. ऐन हंगामात सलग दोनदा नवरा गुडघ्यांना माती लावून, शर्टाला पालापाचोळा लावून, रिकामी टोपली घेऊन घरी आला तर आपल्याकडची बाई काय समजेल? तेच ती समजली. ‘कोण आहे ती?’ म्हणाली. मी म्हटलं, दाजींची आहे. झालं, तेव्हापासून माझं जेवण बाहेरच्या बाकावर येतं.

शेवटी आज सकाळी लाज गुंडाळून रादोव्हानचं दार वाजवलं. तो दाढी करता करता शांतपणे म्हणाला, ‘उघड्यावर कसा सोडणार? रिकामा केला, दोनदा तपासला, दुमडला, फडक्यात गुंडाळला आणि तुझ्याच टोपलीत तळाशी ठेवला. वर सगळ्यांनी आपापल्या अळंबी ओतल्या. तू उचलून नेलीस की घरी. मला वाटलं, तुला ठाऊक आहे.’

मुलाबाळांना आशीर्वाद. मलम लाव.

तुझा,
व्हेन्देलीन

ता. क. यार्मिला काल डोळे तपासायला तुमच्या ओलोमौत्सला आली होती, तेव्हा सगळ्यांतर्फे तुझ्यासाठी अळंबीची टोपली घेऊन आली. तीच ही टोपली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या पोलिसाने अळंबीचं कौतुक केलं म्हणे. तिकडून अजून आरडाओरडा ऐकू आला नाही, म्हणजे तू तळापर्यंत पोचली नसावीस. पोचशील तेव्हा कृपा करून धुऊ नकोस, गंजेल. हे पत्र आणणारा रादोव्हान कुलूपबंद पेटी घेऊन दाराशी उभा आहे. त्याला आत घे.

ता. क. दुसरा. दाजींचा विंचू जन्मभर माझ्या कपाटात राहिला, कारण ‘तो घरात आला तर मी बाहेर’ असं तू म्हणाली होतीस. दर रविवारी माझ्याकडून घरी निघताना ते मला विचारायचे, ‘लिबुशे कधी हो म्हणेल रे?’ मी म्हणायचो, म्हणेल. रादोव्हान चहा पिईल तेवढा वेळ तरी विंचवाला दाजींच्या खुर्चीवर ठेवशील का? फडकं अंथरून ठेवलास तरी चालेल.