वाचून बरं वाटलं

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे तब्येत ठीक आहे. अक्षर एवढं मोठं का काढलंय ते शेवटी सांगतो. कान धरून उभं राहायची वेळ आली की मी आधी इकडचं तिकडचं बोलत बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

ऑफिसचं सांगतो. माझ्या हाताखाली अकरा माणसं, अकरा गावांत, आपापल्या घरी बसून काम करणारी. एकमेकांना कधी न भेटलेली. दीड वर्षापूर्वी मोठ्या साहेबांनी फर्मावलं, ही माणसं एकमेकांशी जोडली गेली पाहिजेत, कामाला लाग. मी दर शुक्रवारी पडद्यावर चहापान सुरू केलं. अकरा चौकोनांत अकरा चेहरे, परीक्षेला बसल्यासारखे, आणि मी एकटाच बडबडतोय. एकाने तर चक्क आपला फोटो लावून ठेवला आणि उठून गेला. मला कळेपर्यंत माझे त्याला दोन विनोद सांगून झाले होते.

मग मी शहाणपणा केला. एक प्रोग्राम लिहिला. दर सोमवारी माझ्या नावाने प्रत्येकाला संदेश जायचा, 'कसं चाललंय? घरी सगळे बरे?' आणि जे काही उत्तर येईल त्यावर दोन मिनिटांनी, पुन्हा माझ्याच नावाने, 'वाचून बरं वाटलं. काळजी घे.' ती दोन मिनिटं मुद्दाम ठेवली होती, माणूस विचार करून लिहितोय असं वाटावं म्हणून. लोक भरभरून लिहू लागले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. उत्तरं मात्र क्वचितच उघडली.

आमच्यात प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करणारी एक मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिने लिहिलं, 'बाबा शनिवारी गेले.' दोन मिनिटांनी तिला उत्तर गेलं, 'वाचून बरं वाटलं. काळजी घे.' पुढच्या सोमवारी तिने लिहिलं, 'आमच्या गच्चीवर हत्ती वाळत घातलाय.' तेच उत्तर. शुक्रवारच्या चहापानात तिने दोन्ही संदेश उत्तरांसकट सगळ्यांना वाचून दाखवले, अगदी शांतपणे, रोजच्या चुका वाचते तसे. हत्तीलासुद्धा कोणी हसलं नाही. आणि मी काय केलं? कॅमेरा बंद केला. माफी दुसऱ्या दिवशी फोनवर मागितली, तेव्हा ती फक्त 'ठीक आहे, सर' म्हणाली. तेव्हापासून अकराही जण रोज एकमेकांशी बोलतात, चौघं तर तिच्या घरी जाऊन भेटून आले. टीम जोडली गेली, ताई, मला वगळून.

काल तो प्रोग्राम कायमचा बंद करायला बसलो. यादीत बारा नावं होती. बारावं तुझं.

तो नीट चालतो का हे बघायला मी आधी तुझंच नाव घातलं होतं. रोज दुपारी एकला, 'जेवलीस का?' तुझी उत्तरं येऊ लागली, मी विचारपूस करत नाही ही तुझी तक्रार थांबली, आणि मी ते तसंच राहू दिलं. वर्षभर तुला विचारणारा मी नव्हतो. काल तुझं सगळं वाचून काढलं. मांजरीची पिल्लं, गुडघा, गळका नळ. आणि, 'उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे. डॉक्टर म्हणतात, सोबत कोणीतरी हवं. येशील का रे?' त्यावर, 'वाचून बरं वाटलं. काळजी घे.' पुढचे चार महिने तू रोज एकच शब्द लिहिलायस, 'जेवले.' सोबत कोण आलं होतं, आता तुला नीट दिसतं का, मला काही म्हणजे काही माहीत नाही. म्हणून अक्षर मोठं काढलंय. लाजेने मान वर होत नाही. आज एक वाजता तुला काही गेलं नाही, आणि दीड वाजता तुझाच संदेश आला, 'आज विचारलं नाहीस. बरा आहेस ना?' मी एवढंच लिहिलं, 'पत्र पाठवतोय.' ते मी स्वतः लिहिलं. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस, मी पायरीवर बसून राहीन.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
धाकटा