काढून घेतलेला खांदा

सुकदेवनाना,

नमस्कार लिहायला आज हात उठत नाही. मायची तिरडी उचलून उभा राहताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भेलकांडलो. तुम्ही माझ्या खांद्यावरचा बांबू ओढून घेतला आणि सगळ्या भाऊबंदांपुढे ओरडलात, "मायच्या मयतीलेबी पिईसन उना हाऊ!" माझ्या जागी खांदा दिला तो शेजारच्या पुनाने.

नाना, मी पिऊन आलो नव्हतो. दारूने माझं लिव्हर खाल्लं, हे खरं. पण ती सोडून तीन वर्षं झाली होती. तुम्ही इतके जवळ होतात, तोंडाचा वास घेऊन तरी बघायचा होता.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की लिव्हरच्या दुखण्यात कधीकधी मूत्रपिंडावरची ग्रंथीही मंदावते, मग उभं राहिलं की रक्तदाब घसरतो. रोजची गोळी दिली आहे. आता मी भेलकांडत नाही. एरंडोलच्या बाजारात लोक मात्र अजून माझी चाल बघतात.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही माफी मागाल, आणि ती मला नको आहे. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला मात्र नक्की येईन. गोळी घेऊन, अगदी सरळ चालत.

तुमचा पाठचा भाऊ,
वना